हात कानाला लागेपर्यंत

विट्याच्या आसपास अशी काही गावं आहेत, तिथं बंगले लय आणि माणसं थोडी. कर्ती माणसं सगळी गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे सराफांचं सोनं आटवून शुद्ध करून द्यायचं, दुकानातला केर आणि भट्टीची राखसुद्धा धुऊन-चाळून तिच्यातला सोन्याचा कण काढायचा. त्यापायी कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत, कुणी पार आसामात. जन्म तिकडं काढतात आणि दुमजली बंगले इकडं बांधतात. मग त्या बंगल्यांत राहतं कोण? पारवे. चैत्रात गावची यात्रा आली की कुलपं निघतात, पालखी झाली की परत लागतात, आणि वर्षभर म्हातारी माणसं एकमेकांच्या अंगणात बसून गुडघे चोळतात.

अशा गावात राहीबाईच्या दाराला मात्र कधी कुलूप नव्हतं. लावणार कोण? ती कुठं गेलीच नाही.

तिला आष्ट्याला दिली होती. घर बरं, ऊस पाण्याखालचा, नवरा मिल्ट्रीत. पाच-सहा वर्षं पोटी काही आलं नाही, तेव्हा सासूनं मुलाला सुट्टीवर बोलावून त्याचं दुसरं लग्न लावून टाकलं. राहीबाईनं भांडण केलं नाही की बोटं मोडली नाहीत. ट्रंक भरली, एसटीत बसली आणि माहेरी आली. बाप म्हणाला, भाकरीला काय तोटा न्हाई. तोटा नव्हताच. पण माणूस नुसत्या भाकरीवर जगतं होय?

धाकटा भाऊ नाथाजी तोवर त्रिशूरला गलाईत शिरला होता. त्याची बायको बाळंतपणाला गावी आली, मुलगा झाला, शंभूराज नाव ठेवलं. आणि पाच महिन्यांचं पोर राहीबाईच्या मांडीवर ठेवून ती नवऱ्याकडं गेली. तिचा दोष नव्हता. खाली भट्टी, वर एक खोली, रात्रंदिवस तेजाबाचा धूर. तान्हं लेकरू तिथं कसं न्यायचं? लोक म्हणाले, देवानं दिलं नाही ते भावजयीनं दिलं. लोकांना काय, जिभेला हाड नाही. दिलं कुठलं, सांभाळायला दिलं.

शंभूराज चांगला वाढला हे बघून भावकीतली पोरंही येऊ लागली. राही आत्तीकडं ठेवा, निर्धास्त व्हा. नुकतं पळायला लागलेलं मूल यायचं आणि शाळेच्या वयाचं होऊन जायचं. तोवर त्याला जे काही यायचं ते घरातच, राहीबाईच्या मागं-मागं फिरत. ती स्वतः सातवी शिकलेली. पाटी-पेन्सिल हातात द्यायच्या आधी ती चुलीची राख वस्त्रगाळ करायची आणि परातीत पसरायची. पोरानं बोटानं अक्षर काढायचं, चुकलं की परात हलवायची, राख पुन्हा सारखी. आणि पाढे? ते भाकरीबरोबर. थापलेली भाकरी तव्यात पडली की बे एके बे, पाणी फिरवलं की बे दुणे चार, उलटली की बे त्रिक सहा. पाढा पुरा झाला की पोराच्या हातावर चानकी पडायची, म्हणजे लहान पोरासाठी वेगळी थापलेली तळहाताएवढी भाकरी. मधेच चूक झाली तर रागावणं नाही, मारणं नाही. एवढंच म्हणायची, ‘‘परत म्हण. पहिल्यापासनं.’’

आणि दर यात्रेला परीक्षा. पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना ओट्यावर उभं करायचं. उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा; बोटं डाव्या कानाला लागली की पोर शाळेजोगं झालं. जुन्या काळी जन्मतारखा कुणाला ठाऊक होत्या, म्हणून ही रीत. आता दाखले आले, आधार कार्डं आली, पण भावकीनं रीत सोडली नाही. सगळे चहा पीत बघायला बसतात. कान झाला की बेचा पाढा. पास झालेलं पोर नवे कपडे घालून आईबापाच्या गाडीत बसायचं, आणि त्याला पास करणारी धुरळ्यात उभी राहायची.

गाव हसायचं यात्रेला, राहीबाई मात्र फाल्गुनापासून दिवस मोजायची. रडायची नाही ती. पोर गेलं की आठ-पंधरा दिवस हात आपोआप चानकी थापायचे, ती शेळीला घालायची, आणि पुढचं पोर येईतो दिवस ढकलायची.

पुढं काळ पालटला. गलाईवाल्यांनी फ्लॅट घेतले, भट्टी एकीकडं आणि घर दुसरीकडं झालं. नव्या सुना पोरं मागं ठेवीनात, आणि का ठेवाव्यात? तिकडं तीन वर्षांचं पोर टाय लावून शाळेत जातं. पोरं यायची बंद झाली. बाप गेला, आई गेली. राहीबाई घरात एकटी. सकाळी दोन भाकऱ्या टाकायच्या, त्याच रात्रीपर्यंत पुरायच्या. कित्येक दिवस असे जायचे की संध्याकाळी शेळीला हाक मारताना आपलाच आवाज तिला घोगरा लागायचा, कारण तो दिवसातला पहिलाच शब्द असायचा.

मग एक दिवस शंभूराजचा फोन आला. त्याच्या दीड वर्षाच्या साईराजला तिकडच्या दमट हवेत सारखी धाप लागत होती, बायको समीक्षाला पुन्हा दिवस गेले होते आणि डॉक्टर हवा बदला म्हणत होते. चार-सहा महिने ठेवशील का, आत्ती? ठेवशील का म्हणून विचारतोय, बघा! तिनं त्याच दिवशी चुलीपुढची जागा सारवून घेतली.

पोराची धाप इथल्या कोरड्या हवेत बसली. तिकडं समीक्षाला मुलगी झाली, साक्षी, तिचं करण्यात ती अडकली, आणि चार-सहा महिन्यांची चार वर्षं होत आली. साईराज बोलायला लागला तो राहीबाईच्या बोलीत. परात खाली आली, राख चाळली गेली. पण तिला पक्कं ठाऊक होतं, हे शेवटचं. ह्याच्यानंतर ह्या उंबऱ्यात कुणी पोर आणून ठेवणार नाही.

मागच्या यात्रेला परीक्षेत साईराजचा हात कानाला लागला नाही. खरोखरच नाही, दोन बोटं कमी पडली. शंभूराज म्हणाला, राहू दे आणखी एक वर्ष. राहीबाईनं त्या दिवशी देवळात नारळ फोडला. घरी आली आणि खांबाला टेकून बसली. यंदा लागला नाही, पण पुढच्या वर्षी? पोराचा हात वाढायचा थांबवणार कसा?

हात थांबवता येत नव्हता. शिकवणं थांबवता येत होतं. तिनं राखेची परात घासून माळ्यावर टाकली आणि त्या दिवसापासून भाकऱ्या मुकाट्यानं थापायला लागली.

शेजारच्या रंगुबाईच्या हे ध्यानात आलं. या गावात भिंतीपलीकडं काय शिजतंय ते वासावर कळतं, पाढा बंद झालेला कळणार नाही होय? तिनं विचारलं तर राहीबाई म्हणाली घसा धरलाय. रंगुबाई कसली ऐकते. तिनं तोंडावरच विचारलं, पोर शिकलं की नेतील म्हणून गं? राहीबाईनं नजर चुकवली आणि बोलून गेली की ह्यो गेल्यावर मी कुणाशी बोलू, भिंतीशी? साईराज तेव्हा दाराबाहेर शेळीला पाला घालत होता. पोरांचे कान, त्यांना पडदा असतोय व्हय?

आणि शिकवणं थांबवून शिकणं थांबतं थोडंच! पुढं दोनेक महिन्यांनी ती गोठ्याकडं गेली तर हा शेळीपुढं बसून बेचा पाढा म्हणत होता. बे दाही वीस झालं आणि तीनचाही पाढा त्यानं सुरू केला, कुठं न अडखळता. यात्रेपर्यंत रोज भाकरीबरोबर ऐकलेलं सगळं पोराच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. राहीबाईला आधी आनंदच झाला. पळत जाऊन त्याचे मुके घ्यावेत असं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी पुढची यात्रा आठवली.

तिनं त्याला जवळ ओढलं. ‘‘ह्ये कुणाफुडं म्हणायचं न्हाई. फोनवर सुदिक न्हाई.’’

‘‘का?’’

खोटं सांगायला तिला सुचलं नाही. ‘‘म्हणलास की पप्पा घिऊन जातील.’’

साईराजनं थोडा विचार केला. मग शहाण्यासारखा म्हणाला, ‘‘मग न्हाई म्हणत.’’

जिनं गावभरच्या पोरांना खरं बोल, खरं बोल म्हणून वाढवलं, तिनं हे शिकवलं. तिला ते कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरीही त्या रात्री कित्येक दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

यात्रा आली. केरळच्या पाटीची गाडी दारात थांबली. शंभूराज आता पोट सुटलेला, गळ्यात साखळी, पण उतरल्या-उतरल्या तिच्या पायावर डोकं ठेवणारा. मागून समीक्षा, तिच्या कडेवर साक्षी. साईराज राहीबाईच्या पदराआड. समीक्षानं त्याच्यासाठी रिमोटवरची मोटार आणली होती. त्यानं ती घेतली आणि आत्तीला दाखवायला पळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी समीक्षा त्याला आंघोळ घालायला बसली तर त्यानं अंगाला हात लावू दिला नाही, आत्तीच पाहिजे म्हणून भोकाड पसरलं. समीक्षा टॉवेल घेऊन न्हाणीच्या दारात नुसती उभी राहिली. राहीबाईनं ते पाहिलं. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. चांगलंच बरं वाटलं.

पालखी झाली. सकाळी भावकी ओट्यावर जमली, चहाचे कप फिरले. यंदाही परीक्षेला पोर एकच.

शंभूराजनं लेकाला पुढं घेतलं. हात टाक म्हणाला. साईराजनं हात डोक्यावरून नेला आणि बोटं कानाच्या वर आणून मुडपली. राहीबाई चौकटीत उभी होती, तिला ते मुडपणं स्पष्ट दिसलं. लोक हसले. शंभूराजही हसला, म्हणाला, बरं, पाढा म्हण. साईराज म्हणाला, बे एके बे. बे दुणे तीन. आणि गप्प. पुन्हा विचारलं तर मान हलवून म्हणाला, मला येत न्हाई. अक्षर विचारलं, तेही येत न्हाई. हळूहळू हसणं ओसरलं. शंभूराज बायकोकडं वळला आणि दबक्या आवाजात बोलला, पण ओटा केवढा, सगळ्यांनाच ऐकू गेलं. पोराचं डोकं जरा जड दिसतंय म्हणाला. तिकडच्या शाळेत ह्याचा निभाव लागायचा नाही, राहू दे आत्तीपाशीच, इथंच पहिलीला बसू दे. समीक्षा खाली बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. भावकीतला कोंडीबा म्हणाला, आक्काच्या हाताखालचं पहिलंच पोर ढ निघालं बघा.

झालं होतं. राहीबाईला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. एक अवाक्षर काढायची गरज नव्हती. आत जाऊन चुलीत लाकूड सारलं असतं तरी काम भागत होतं.

तेवढ्यात साईराजनं तिच्याकडं बघितलं. पाढा पुरा झाल्यावर चानकीसाठी बघायचा ना, तसंच. तोंडभर हसू. सगळ्यांनी ढ म्हटलं, बापानं जड म्हटलं, आणि पोर खुशीत. आत्तीचं काम फत्ते केलं म्हणून. आता कुणी म्हणेल, राहीबाईला आपल्या मास्तरकीचा कमीपणा वाटला. असेल, तसंही असेल थोडं. पण तिला दिसलं ते वेगळंच. ती जगेल तोवर हे पोर असंच बोटं मुडपून उभं राहील. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. आणि मुडपता-मुडपता एक दिवस खरंच ढ होऊन बसेल.

ती चौकटीतून पुढं आली.

‘‘साईराज, हात नीट टाक.’’

त्याला वाटलं आत्ती विसरली. त्यानं डोळ्यानं खूण केली, मान हलवली.

‘‘टाक म्हणते न्हवं?’’

हात गेला. बोटं कानाला लागून आणखी पाळी धरण्याइतकी उरली.

‘‘आता पाढा. परत म्हण. पहिल्यापासनं.’’

त्याचे डोळे भरले. पण आत्तीनं परत म्हण म्हटल्यावर न म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. त्यानं बेचा म्हटला, तीनचा म्हटला, चारचा म्हटला. रडत म्हटला, शेंबूड ओढत म्हटला, पण एक अंक चुकला नाही. ओट्यावर कप ठेवल्याचासुद्धा आवाज होईना.

‘‘मीच बोलू नगंस म्हणले हुते,’’ राहीबाई म्हणाली. ‘‘त्येचं डोकं जड न्हाई. जड माझंच झालं हुतं.’’

शंभूराज तिच्याकडं बघत राहिला. ह्याच ओट्यावरून तो स्वतः एकदा गेला होता. समीक्षा उठली, साईराजला उचलायला वाकली. यावेळी तिला त्यानं उचलू दिलं, कारण आत्तीकडं त्यानं पाठ केली होती.

निघायच्या दिवशी राहीबाईनं चानक्या करून फडक्यात बांधल्या. साईराजनं गाडीच्या खिडकीतून ते फडकं बाहेर ढकललं. मी तुझ्यासाठी खोटं बोललो आणि तू मला घालवलंस, एवढं त्याला कळत होतं, आणि त्याच्या परीनं ते खरंच होतं. गाडी वळणाला गेली तरी त्यानं मागं बघितलं नाही. राहीबाई फडकं हातात घेऊन उभी राहिली. दोन-चार दिवसांत बाकीच्याही गाड्या गेल्या, बंगल्यांना कुलपं लागली, पारवे परत आले.

समीक्षा संध्याकाळचा फोन करायची. आता ती राहीबाईशी जरा जास्तच मायेनं बोलायची, एक दिवस चुकवायची नाही. साईराज शाळेत रमला, धाप लागत नाही, माझ्या हातानं जेवतो, असं सगळं सांगायची. पण तो फोनवर यायचा नाही. फोन पुढं केला की पळून जायचा. राहीबाई म्हणायची, ‘‘नगं जबरदस्ती करू.’’ फोन ठेवला की घर एवढं गप्प व्हायचं की माळ्यावरचा उंदीर ऐकू यायचा. चानकी ती आता थापत नव्हती. एकदा हातानं चुकून थापली, तर मोडून गोळा पुन्हा पिठात घातला. रंगुबाई येऊन बसायची, म्हणायची, पोराची जात, विसरंल गं. राहीबाईला तेवढीच भीती होती. विसरंल म्हणजे काय विसरंल? राग, का आत्ती?

आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती बसले आणि उठले.

एका संध्याकाळी तवा चुलीवर होता आणि फोन वाजला. पिठाच्या हातानं तिनं तो कसाबसा लावला, मांडीवर ठेवला आणि आवाज मोठा केला. तिकडून कुणी बोलेना. नुसता श्वास. तो श्वास तिनं धाप लागायच्या दिवसांपासून ऐकलेला. ओळखायला काय लागतंय? तिनं नाव घेतलं. मग एकदम सुरू झालं.

बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा. राहीबाईचा हात आपोआप परातीत गेला आणि भाकरी फिरायला लागली. बे सक बारा. बे साती पंधरा.

‘‘चौदा,’’ ती म्हणाली. तोंडातून आपसूक निघालं. ‘‘परत म्हण. पहिल्यापासनं.’’

त्यानं पहिल्यापासून म्हटला. पुन्हा सातीला आला आणि पुन्हा पंधरा. तिनं पुन्हा चौदा सांगितलं, पुन्हा म्हणायला लावलं. मनात म्हणाली, काय शिकवतात तिकडं कुणास ठाऊक, पोराचा पाया पार उखडला. तिसऱ्या खेपेला सातीपाशी येऊन साईराज क्षणभर थांबला, दम घेतला आणि पंधरा म्हणाला. मागून समीक्षाचा आवाज आला.

‘‘अरे, असं काय करतोयस? तुला तर सतराचा येतो की.’’

साईराजनं फोन ठेवला नाही. वाट बघत राहिला.

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. राहीबाईनं ती तशीच राहू दिली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि आवाज जेवढा करडा करता येईल तेवढा केला.

‘‘चौदा रं, चौदा. परत म्हण. पहिल्यापासनं.’’

आणि साईराजनं पहिल्यापासून सुरुवात केली.